दहावीच्या वर्गात व्हिडिओ गेम वापरून कोणी शिकवलंय का? (क्विझ अ‍ॅप सोडून सांगा)

फळा_पुसणारा

मंडळी, आधी कोणी हाच प्रश्न विचारला असेल तर त्या धाग्याची लिंक द्या, मी तिकडे जातो.

मी तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो, मराठी माध्यम. दहावी ब ला ४८ पोरं. मागच्या बाकांवर रोज एकच चर्चा, रात्री फ्री फायरला (मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम) कोण कुठे उतरला, कोणाची रँक गेली, कोणी आईच्या फोनवरून डायमंडचं टॉप-अप मारलं. आणि मी गुरुत्वाकर्षणाचा धडा काढला की तीच पोरं खिडकीबाहेर. गंमत अशी की ज्याला वस्तुमान आणि वजन यातला फरक तीनदा सांगूनही कळत नाही तोच पोरगा कुठल्या बंदुकीची रेंज किती, डॅमेज किती, कुठली किती उडते हे झोपेतून उठवलं तरी सांगतो, आणि हे त्याला कोणी पाठ करायला लावलेलं नाही.

मध्ये एका प्रशिक्षणाला गेलो होतो तिथे साधनव्यक्तींनी मोबाइलवर क्विझचं अ‍ॅप दाखवलं, बरोबर उत्तर आलं की फुगे उडतात, टाळ्या वाजतात, नंबर लागतो. वर्गात करून बघितलं. सुरुवातीला पोरं जाम खूश, मग लगेच प्रश्न सुरू, "सर, पॉइंटचं काय मिळणार?" आणि मग तेही थंड. शिवाय प्रश्न तेच पुस्तकातले, फक्त स्क्रीनवर.

तर मला विचारायचंय की असा गेम आहे का ज्यात विज्ञान मागून चिकटवलेलं नाही, खेळतानाच ते समजतं? मला मुख्य म्हणजे पहिला धडा गुरुत्वाकर्षण आणि शेवटचा अवकाश मोहिमा या दोन्हींसाठी हवंय. आयसीटी (संगणक) लॅबमध्ये दहा मशीन आहेत, त्यातली सात चालतात, ४ जीबी रॅम, एक प्रोजेक्टर, नेट पाऊस आला की जातं. मुख्याध्यापक म्हणतात काय करायचं ते करा पण पोर्शन वेळेत झाला पाहिजे आणि पालकांची तक्रार नको. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा.

लाँचपॅड

सर, तुमचा प्रश्न वाचून हात शिवशिवले, कारण याचं उत्तर एकच आहे, कर्बल स्पेस प्रोग्रॅम. २०१५ मध्ये पूर्ण व्हर्जन आली, मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड नावाच्या छोट्या कंपनीने केला. हिरवी छोटी माणसं आहेत, त्यांच्यासाठी रॉकेट बांधायचं आणि उडवायचं, बास. पण आतलं भौतिकशास्त्र खरं आहे (थोडं सोपं केलेलं, एका वेळी एकाच ग्रहाचं गुरुत्वाकर्षण धरतात). शाळांसाठी याची वेगळी आवृत्तीसुद्धा निघाली होती.

वर्गात काय होतं ते सांगतो. मी दर वर्षी उन्हाळी शिबिरात मुलांना खेळायला देतो आणि प्रत्येक बॅच हमखास एकच गोष्ट करते. सगळ्यात मोठं इंजिन, त्याखाली अजून मोठं इंजिन, आणि सरळ वर. रॉकेट जातं शंभर किलोमीटर वर, मुलं ओरडतात पोचलो पोचलो, आणि मग ते हळूहळू थांबतं आणि धाडकन खाली. मग वाद सुरू, "अंतराळात तर गुरुत्वाकर्षण नसतं ना, मग पडलं कसं?" हा प्रश्न मुलांनीच विचारला पाहिजे, आपण विचारला तर त्याला काही अर्थ नाही. मग सांगायचं की अंतराळ स्थानक फिरतं त्या ४०० किमी उंचीवरही जी (गुरुत्वत्वरण) चं मूल्य ८.७ च्या आसपास असतं, म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के. वर जाणं हा मुद्दाच नाही, आडवा वेग पाहिजे, इतका की पडताना जमीन खालून वाकत जाईल. पुढच्या वेळी तीच मुलं रॉकेट हळूहळू पूर्वेकडे कलवतात, दहा किलोमीटरला साधारण ४५ अंशात, आणि कक्षा जुळून येते. पूर्वेकडेच का, तर ग्रह फिरतोय त्याचा वेग फुकट मिळतो. श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर का आहे हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता तुमच्या धड्याशी जोडायचं तर. गेममधल्या ग्रहाचं नाव कर्बिन. त्रिज्या फक्त ६०० किमी, पण पृष्ठभागावर जी आपल्यासारखाच ९.८१. पुस्तकातलं मुक्तिवेगाचं (ग्रहाच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग) सूत्र घ्या, दोन गुणिले जी गुणिले आर (त्रिज्या), त्याचं वर्गमूळ. पृथ्वीसाठी ११.२ किमी प्रति सेकंद येतं, ते पोरांना पाठ असतं. कर्बिनसाठी फळ्यावर काढायला लावा, ३.४३ येईल. आणि मग गेममध्ये वेग तिथपर्यंत नेऊन बघा, ग्रहाच्या जवळ असतानाच न्या, तिथे आकडा जुळतो, वर गेलं की मुक्तिवेग कमी होत जातो. नकाशात कक्षेची बंद रेघ तुटते आणि बाहेर निघून जाते. फळ्यावर काढलेला आकडा समोरच्या पडद्यावर खरा होतो हे बघितल्यावर मुलं जी शांत होतात ना, तसली शांतता मी दुसऱ्या कुठल्या तासाला बघितलेली नाही.

हुशार पोरांसाठी एक जास्तीचा. त्याच जी आणि आर वरून कर्बिनचं वस्तुमान काढायला सांगा, मग घनता. घनमीटरला ५८ हजार किलोच्या वर जाते. ऑस्मियम हा सगळ्यात घन धातू, तो २२ हजार सहाशेच्या आत. म्हणजे असा ग्रह असूच शकत नाही! गेम खोटं बोलतोय हे पोरांनी गणिताने पकडलं की त्यांना कोण आनंद होतो.

आणि अवकाश मोहिमा धड्यात भूस्थिर उपग्रहाचा वेग काढायचं उदाहरण आहे, ३५७८० किमी उंचीवर ३.०८ किमी प्रति सेकंद. तेच सूत्र कर्बिनपासून ८० किमीवर लावा, २.२८ येतं. उडवा आणि मोजा.

बाईंची_छडी

मी तीस-पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे थोडं कडू बोलेन, राग मानू नका.

पोरांच्या हातातून मोबाइल काढायला अख्खं गाव झटतंय आणि शिक्षक म्हणतात गेम आणू. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, कडेगाव तालुक्यात, तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्यांचे टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला बसतात. २०२२ पासून. मला तो उपाय पटतो. तुमच्या शाळेत स्क्रीनवर शिकलेला पोरगा घरी जाऊन आईला सांगणार, सरांनीच सांगितलंय खेळायला.

दुसरं, पॉइंटचं. "पॉइंटचं काय मिळणार" हे तुमचा विद्यार्थी बोलला ना, त्याने पन्नास वर्षांपूर्वीचं संशोधन एका वाक्यात सांगितलं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत बघितलं होतं. चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं घेतली, काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. बाकीच्यांना काही सांगितलं नाही, त्यातल्या काहींना नंतर अचानक दिलं. एक-दोन आठवड्यांनी परत रंग समोर ठेवले तेव्हा ज्यांना बक्षिसाचं आमिष दाखवलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. आवडीचं काम होतं, बक्षीस आलं आणि त्याची मजुरी झाली. ही पॉइंटं, बॅज, लीडरबोर्ड सगळं तेच आहे. आणि त्या क्विझ अ‍ॅपमध्ये लवकर उत्तर दिलं की जास्त गुण, म्हणजे विचार करणारा पोरगा मागे आणि बटण दाबणारा पुढे.

कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. कारलं नीट चिरायला आणि शिजवायला शिकवा की.

घाटावरचा_गेमर

बाई, आमच्याकडे कारल्याची भाजी गूळ घालूनच करतात :)

लाँचपॅड

@बाईंची_छडी, बाई तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत आहे आणि म्हणूनच कर्बल सुचवला. त्यात गुण मिळवण्यासाठी कोणी प्रश्न विचारत नाही हो. सँडबॉक्स मोडमध्ये (सगळे पार्ट खुले, मोकळं खेळायचं) तर पॉइंटच नाहीत. रॉकेट पडलं तर पडलं, का पडलं ते शोधा आणि परत बांधा. गुरुत्वाकर्षण हाच तिथला नियम आहे, तो समजला नाही तर पुढे जाताच येत नाही. बेरजेचं उत्तर दिलं की राक्षस मरतो असल्या गेममध्ये बेरजेचा आणि राक्षसाचा संबंध काय, बेरजेच्या जागी राजधान्या विचारल्या तरी गेम तसाच चालेल. मी हीच परीक्षा लावतो, विषय काढून दुसरा घातला आणि गेमला काही फरक पडला नाही, तर तो गेम शिकवायला फारसा कामाचा नाही.

एक उदाहरण देतो जे पुस्तक वाचून डोक्यात शिरत नाही. दोन यानं एकाच कक्षेत आहेत, दुसरं आपल्या पुढे आहे, त्याला गाठायचंय. काय कराल? सगळे म्हणतात वेग वाढवा. वाढवला की कक्षा मोठी होते, फेरी लांबते आणि तुम्ही अजून मागे पडता. उलट ब्रेक मारायचा, खालच्या कक्षेत उतरायचं, तिथली फेरी लवकर पूर्ण होते, मग गाठायचं आणि परत वर यायचं. केप्लरचा तिसरा नियम आहे हा, पुस्तकात एक ओळ. इस्रोने १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्सचे दोन उपग्रह ४७५ किमीवर जोडले तेव्हा आधी दोनदा तारीख पुढे ढकलावी लागली होती, टीव्हीवर लोक विचारत होते एवढं काय अवघड आहे. ज्याने कर्बलमध्ये एकदा डॉकिंग करायचा प्रयत्न केलाय तो असं विचारणार नाही.

आणि चांद्रयान ३! १४ जुलै २०२३ ला निघालं, २३ ऑगस्टला उतरलं. अपोलोवाले चार दिवसात चंद्राजवळ पोचले मग आपल्याला चाळीस का लागले असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच. लहान रॉकेटने जायचं तर पृथ्वीभोवती लंबगोल फेऱ्या मारायच्या, दर वेळी पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आलो की इंजिन थोडं पेटवायचं, टोक लांब लांब नेत जायचं. गेममध्ये मुन नावाचा चंद्र आहे १२ हजार किमीवर, लहान इंजिन देऊन असंच जायला सांगा.

जर्सीकर_आई

मी शिक्षिका नाही, न्यू जर्सीत राहते आणि रविवारी इथल्या मराठी शाळेत स्वयंसेवक म्हणून जाते, पण घरचा अनुभव सांगते कारण वरचं सगळं वाचून असं वाटेल की चांगला गेम दिला की झालं.

माझा मुलगा दुसरीत असताना ड्रॅगनबॉक्स नावाचं बीजगणिताचं अ‍ॅप घेतलं होतं. नॉर्वेच्या कंपनीचं, २०१२ ला आलं. खूप विचार करून केलंय ते. सुरुवातीला आकडे नाहीतच, चित्रांचे पत्ते आहेत, एका बाजूला एक डबा, तो एकटा पडला पाहिजे. एका बाजूला पत्ता टाकला की दुसऱ्या बाजूलाही टाकावाच लागतो. दिवसाचा आणि रात्रीचा (म्हणजे अधिक आणि उणे) पत्ता एकमेकांवर ठेवला की दोन्ही नाहीसे. हळूहळू चित्रांच्या जागी अक्षरं येतात, डब्याच्या जागी क्ष. पोराने सगळ्या लेव्हल धडाधड संपवल्या, आम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगून मोकळे, आमचा सात वर्षांचा मुलगा समीकरणं सोडवतो!

मग एका शनिवारी बाबाने कागदावर ३क्ष + ७ = २२ लिहून दिलं. पोरगा बघतच बसला. म्हणे हे काय आहे. त्याला त्या कागदात आपला खेळ दिसलाच नाही. तेच अ‍ॅपमध्ये असतं तर दहा सेकंदात केलं असतं. मग त्याचे बाबा त्याच्या शेजारी बसले, अ‍ॅपमध्ये एक चाल, कागदावर तीच चाल, परत अ‍ॅप, परत कागद. सातची रात्र दोन्हीकडे टाकली, मग तीनने दोन्हीकडे भागलं. क्ष पाच. त्यानंतर मात्र जमलं ते जमलंच, आणि शाळेत प्री-अल्जिब्रा आला तेव्हा "दोन्ही बाजूंना सारखंच करायचं" हे त्याला सांगावं लागलं नाही, बाकी मुलं "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं" असं मंत्रासारखं म्हणत होती.

त्यामुळे सर, गेम कोणताही घ्या, मधला तो कागद तुम्हालाच धरावा लागेल.

आणि एक, जाहिरातबाजी करणाऱ्या फुकट गेमपासून सांभाळा. इकडे प्रॉडिजी नावाचा गणिताचा गेम शाळाशाळांतून असतो, शाळेला फुकट, पण मूल घरी खेळायला लागलं की पैसे भरून मेंबर झालेल्यांना जास्तीच्या वस्तू मिळतात, त्यावरून २०२१ मध्ये मुलांच्या हितासाठी काम करणाऱ्या एका गटाने अमेरिकेच्या ट्रेड कमिशनकडे तक्रार केली होती. वर्गात कोणाकडे काय आहे ते सगळ्यांना दिसतं हो, आणि मुलं घरी येऊन हट्ट करतात.

बाईंची_छडी

@जर्सीकर_आई, हे मात्र पटलं. "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं" हे वाक्य मी आयुष्यभर वर्गातून हाकलत आले, दर जूनला परत येऊन बसायचं. तुमच्या मिस्टरांनी जे केलं त्याला शिकवणं म्हणतात. पण मग मला सांगा, कागद धरून शेजारी बसणारा बाप असेल तर त्या अ‍ॅपची गरज किती? तराजू आणि वजनं घेऊन हेच करता येतं, मी केलंय.

जर्सीकर_आई

येतं ना बाई. पण तराजू घेऊन तो तासभर आपण होऊन बसला नसता. हे अ‍ॅप घेऊन बसायचा, उठवावं लागायचं.

जुना_संगणकवाला

सात मशीन आणि ४८ पोरं याबद्दल कोणी बोललंच नाही. मी तर म्हणतो सात पण नकोत, एकच वापरा.

गेम वर्गात आणण्याची गोष्ट काही आजची नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात डॉन रॉविच नावाचा एक शिकाऊ शिक्षक आठवीला इतिहास शिकवत होता, विषय होता बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे गेलेले लोक. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी, तेही शिकाऊ शिक्षकच, द ओरेगॉन ट्रेल हा गेम लिहिला. स्क्रीन वगैरे काही नाही, वर्गात एक टेलिप्रिंटर, तो फोनच्या तारेने दुसरीकडच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेला. किती पैसे बैलांवर घालवायचे, किती धान्यावर, ते टाइप करायचं आणि मशीन कागदावर खडखडत उत्तर छापणार, धान्य संपलं, कोणीतरी आजारी पडलं. मुलं गटागटाने भोवती बसायची, एकाने टाइप करायचं, एकाने नकाशा बघायचा, एकाने हिशोब. ती मुलं काही एकेकटी मशीनला चिकटून बसली नव्हती, भांडून भांडून ठरवत होती आणि खरी मजा त्या भांडणात होती.

तसंच प्रोजेक्टर लावा. वर्गाची अंतराळ संस्था करा. इंधनवाले, वजनवाले, मार्गवाले. माउस एकाकडे.

कुडाळची_बाई

वरच्या प्रतिसादाला जोडून, मी माध्यमिकला आहे आणि हे एका माउसचं मी करून बघितलंय (कर्बल नाही, फेटची सर्किट बनवायची सिम्युलेशन, कोलोरॅडो विद्यापीठाची आहेत, फुकट आहेत, मराठीत पण आहेत, डाउनलोड करून ठेवली की नेट लागत नाही. तो गेम नाही पण सर तुमच्या विद्युतधारेच्या धड्याला बघाच).

माउस एक ठेवला की तो कोणाकडे जातो सांगू का? जो घरी गेम खेळतो त्याच्याकडे. म्हणजे तीनचार मुलगे. मुली मागे उभ्या राहून बघतात, आणि आपण स्टाफरूममध्ये येऊन सांगतो की वर्ग किती रंगला होता. मग मी नियम केला, माउस हातात आहे त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी सांगायचं आणि त्याने फक्त ते करायचं, चुकीचं सांगितलं तर चुकीचंच करायचं. आणि दर फेरीला माउस बदलणार, हजेरीच्या क्रमाने, उलटसुलट नाही. पहिल्यांदा मुलग्यांनी जाम कटकट केली. पण "हे वर कर, ते तिकडे ने" असं सांगून चालत नाही हे मुलांना पटकन कळतं, तारेचं टोक, बॅटरीचं धन अग्र, समांतर, एकसर असे शब्द आपोआप वापरावे लागतात, नाहीतर समोरच्याला कळतच नाही. ही गोष्ट मला स्वतःला फार आवडली, कारण एरवी ते शब्द फक्त व्याख्या लिहा मध्ये येतात.

अजून एक, उडवायच्या आधी अंदाज लिहून घ्या. वहीत. काय होईल आणि का. नाहीतर मुलं म्हणतात मला माहीतच होतं.

हेडशॉट_मास्तर

कोणाला राग येईल पण मी सरळ फ्री फायरच वापरतो. वर्गात खेळत नाही हां! खेळ घरी, गणित शाळेत.

मी बीएड झाल्यापासून क्लास घेतो, नववी-दहावी गणित. सांख्यिकी आली की मुलांना म्हणतो आपल्या शेवटच्या काही मॅचचे किल (किती जणांना मारलं) लिहून आणा. सरासरी काढा, मध्यक काढा. एका मॅचमध्ये एखाद्याने पंधरा मारलेले असतात आणि बाकी सगळीकडे एक-दोन, मग सरासरी फुगते पण मध्यक जागचा हलत नाही, आणि तो पोरगा सरासरीच सांगत फिरत असतो. मध्यक कशाला लागतो हे बाकीच्यांना त्या दिवशी कळतं कारण त्यांना त्याला खोटं पाडायचं असतं.

गेममध्ये खेळायची सुरक्षित जागा, म्हणजे झोन, आवळत जातो, ते वर्तुळ असतं. त्रिज्या निम्मी झाली तर जागा किती उरली? अर्धी म्हणतात सगळे. चौथाई उरते. मग म्हणूनच एकदम गर्दी वाटते काय सर! असं बोलला होता एक. महत्त्वमापनात वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवताना याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. जे खेळत नाहीत, मुली धरून, त्यांच्यासाठी क्रिकेटच्या धावा, त्यांना दुसरा गट.

बाईंची_छडी

फ्री फायरवर २०२२ ला सरकारने बंदी घातली होती ना? मग पोरं खेळतात काय?

घाटावरचा_गेमर

बाई मूळ गेमवर बंदी आली, त्याचा मॅक्स नावाचा भाऊ राहिला. पोरं त्यावर गेली. पब्जीचं पण तसंच, २०२० ला गेला, नाव बदलून २०२१ ला आला, २०२२ ला परत बंद, २०२३ ला परत चालू.

बाईंची_छडी

हेडशॉटमास्तर, मध्यकाचं उदाहरण सुरेख आहे, मी माझ्या नातीला सांगेन, क्रिकेट घालून. पण तुम्ही गेमचे किल लिहून आणा म्हटलं की ज्याने त्या आठवड्यात खेळ बंद ठेवला होता तो परत उघडणार. वर्गात ४८ पोरं आहेत, त्यातलं एखादं तरी असं असतंच ज्याच्या घरी या गेमवरून मारामारी चालू आहे. तुम्हाला ते दिसत नाही. मी हे करणार नाही.

हेडशॉट_मास्तर

मान्य नाही बाई, ती पोरं माझ्या सांगण्याने उघडत नाहीत आणि माझ्या सांगण्याने बंदही करत नाहीत. पण नवीन मॅच खेळून आणू नका, जुन्याच लिहा, एवढं पुढच्या बॅचला नक्की सांगेन.

फळा_पुसणारा

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. बाईंचं पण ऐकलं, पालकसभेत आधीच सांगणार की गेम फक्त शाळेत, प्रोजेक्टरवर, मोबाइलवर काही डाउनलोड करायचं नाही. हा कर्बल मोबाइलवर येतच नाही बहुतेक ना? तसं असेल तर अर्धं भांडण मिटलं.

माझं ठरतंय ते असं. ऑफ तासाला किंवा शनिवारी सकाळच्या शाळेत, पोर्शनच्या तासाला हात लावायचा नाही. एक मशीन, प्रोजेक्टर. कुडाळच्या बाईंचा माउसचा नियम आणि वहीतला अंदाज दोन्ही घेणार. आधी नुसतं सरळ वर उडवायचं आणि पडू द्यायचं, मग मुक्तिवेगाचं गणित. उरलेल्या सहा मशीनवर बाकीच्यांना फेट.

आता अडचणी. एक, ४ जीबी रॅममध्ये चालेल का? दोन, सगळं इंग्रजीत आहे, माझी पोरं मराठी माध्यमाची. तीन, लॅबच्या मशीनला नेट भरवशाचं नाही. चार, पैसे माझ्या खिशातून जाणार आहेत, दुसरा भाग पण आलाय असं दिसतंय, कुठला घेऊ?

लाँचपॅड

मोबाइलवर नाही, कॉम्प्युटर आणि टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरच.

दुसरा भाग घेऊ नका!! २०२३ मध्ये अर्धवट अवस्थेत विकायला काढला, पुढच्या वर्षी तो बनवणारा स्टुडिओच बंद झाला. पहिलाच घ्या, आणि पूर्ण किमतीला घेऊ नका, स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) सेल लागतो तेव्हा बराच स्वस्त होतो, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबायची तयारी असेल तर थांबा. वाढीव पॅक दोन आहेत, तुम्हाला एकही लागत नाही.

४ जीबीवर चालतो पण उघडायला वेळ घेतो, तास सुरू व्हायच्या आधी चालू करून ठेवा. सेटिंगमध्ये टेक्श्चर सगळ्यात खाली आणा, रॉकेट लहान ठेवा, पार्ट वाढले की मशीन गुदमरतं. जमलं तर तुमचा घरचा लॅपटॉपच न्या. नेट फक्त घरी डाउनलोड करताना लागतं, नंतर गेमच्या फोल्डरमधून थेट उघडला तरी चालतो, स्टीम चालू नसलं तरी.

इंग्रजीचं म्हणाल तर वाचायला फार नाही, आकडे आणि चित्रंच जास्त. नकाशात कक्षेवर दोन खुणा दिसतात, सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात जवळचा बिंदू, त्यांना फळ्यावर अपभू-उपभू लिहून टाका, पोरं दोन तासात सरावतात. बटणं पण चारच सांगा, स्पेसला टप्पा सुटतो, शिफ्ट-कंट्रोलने जोर कमीजास्त, एम ने नकाशा, आणि पडलं की मेनूतून परत लाँचपॅडवर.

रॉकेट पोरांना पहिल्याच दिवशी बांधायला देऊ नका, सँडबॉक्समध्ये इतके पार्ट असतात की सगळा वेळ त्यातच जातो. तुम्ही घरी तीन बांधून सेव्ह करून न्या. एक जे वर जाऊन पडेल, एक जे कक्षेत जाईल, आणि एक ज्याचं इंधन कक्षेला थोडंसंच कमी पडेल. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. जमिनीवरून कक्षेत जायला साधारण ३४०० मीटर प्रति सेकंद एवढा डेल्टा-व्ही (इंधन जाळून रॉकेटला एकूण किती वेगबदल करता येतो तो) लागतो, तिसऱ्यात ३२०० च ठेवा, आणि गटांना सांगा यात इंधन न वाढवता हे वर न्यायचंय, काय काढाल?

कुडाळची_बाई

मी पण घेतेय हा. लाँचपॅड, ती तीन रॉकेटं बांधलेली फाइल इथे टाकता येईल का? पेनड्राइव्हवर घेऊन जाईन.

लाँचपॅड

टाकतो रविवारी. गेमच्या फोल्डरमध्ये शिप्स म्हणून आहे त्यात ठेवा, उघडलं की बांधणीच्या खोलीत दिसतील. तिसऱ्याचं उत्तर मात्र इथे विचारू नका, पोरं हा धागा शोधून काढतील.